फुकटची खोली

“ही खोली फुकट आहे म्हणजे नक्की काय आहे, ते एकदा मला सांगशील?” प्रियाने बॅग पलंगावर आपटत विचारलं.

कपिल खिडकीशी उभा होता. खाली कुरपार्कमध्ये, गावच्या बागेत, कारंज्याभोवती म्हातारी जोडपी सावकाश फिरत होती.

“कॅसिनोने दिलीय. जेवणही त्यांच्याकडूनच. सांगितलं होतं ना मी.”

“खोली, जेवण, उद्याचा सौना. आणि त्यांना काय मिळतं?”

कपिलने पडदा ओढून घेतला. हा प्रश्न तो नेहमीच टाळायचा.

हिवाळ्यापासून हे चाललं होतं. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी तो आईला शेजारी बसवून जर्मनीतल्या इंगोलश्टाटहून गाडी काढायचा आणि डोंगरातल्या या गावी यायचा. कॅसिनोतला श्टाइनर नावाचा माणूस त्याला मोबाइलवर फोन करायचा. या वेळी बाल्कनीची खोली ठेवलीय, या वेळी शॅम्पेन आमच्यातर्फे. तिकडे घरासाठी साठवलेलं स्वतःचं भांडवल, आयगेनकापिटाल, इतकं घटलं, की बँकेने कर्ज नाकारलं. त्या दिवशी प्रिया एवढंच म्हणाली होती, “गेलेल्या पैशात याच हॉटेलात वर्षभर राहिलो असतो, कपिल. तेही स्वतःच्या पैशाने, ताठ मानेने.”

पण तिला सगळ्यात जास्त चीड यायची ती तो आईला सोबत नेतो याची. अंजनाबाई नागपूरच्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नवरा अकाली गेला, तेव्हा शाळा सांभाळून शिकवण्या घेऊन त्यांनी कपिलला इंजिनियर केलं. गेल्या वर्षी त्या कायमच्या इकडे आल्या. रविवारी इथल्या मराठी मुलांना ऑनलाइन पंचशील शिकवायच्या. मुलं जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, बाई ती मराठीत म्हणवून घ्यायच्या. अशा बाईला जुगाराच्या दारात नेऊन बसवायचं आणि बायकोने तोंड उघडलं की म्हणायचं, आईला तेवढंच फिरणं होतं.

या वेळी प्रिया स्वतःच हट्टाने सोबत आली होती. जर्मनीत घरचं माणूसही जुगार खेळणाऱ्यावर बंदी मागू शकतं, आणि ती लागली की देशातल्या कुठल्याच कॅसिनोत त्याला आत घेत नाहीत, हे तिला नुकतंच कळलं होतं. तेही नाहीच जमलं, तर गार्चिंगला, ती काम करायची त्या इन्स्टिट्यूटजवळ, वेगळं राहायला तिने एक खोली बघून ठेवली होती. कपिलला यातलं काहीच माहीत नव्हतं.

जेवणाच्या टेबलाशी श्टाइनर स्वतः आला. त्याने अंजनाबाईंची खुर्ची मागे ओढून दिली आणि किंचित वाकला. “गुटन आबेंट, फ्राऊ मेश्राम.”

“गुटन आबेंट,” अंजनाबाई ऐटीत म्हणाल्या.

मुलगा हातातून जाऊ नये म्हणून आता आईलाही लोणी लावतायत, प्रियाच्या मनात आलं. तिला राहवेना.

“आई, हे सूप फुकटचं नाहीये हो. माणूस किती हरतो ते बघून हे लोक ठरवतात, त्याला काय खाऊ घालायचं. जास्त हरला की मोठी खोली.”

“सगळे काही हरत नाहीत गं,” अंजनाबाईंनी पावाला लोणी लावलं. “आणि मान देतात ना? एरवी या देशात आपल्याला कोण विचारतं?”

“हा मान नाही, आई. पुन्हा यावं म्हणून केलेली सोय आहे.”

“असेल. पण मरमर काम केलेल्या माणसाने एखादी हौस केली, तर एवढं काय बिघडतं?”

कपिलने मान वर केली नाही. “आज फक्त तासभर,” तो ताटलीकडे बघत पुटपुटला. “मग निघायचं.”

“बघू,” अंजनाबाई म्हणाल्या.

प्रियाने चमचा खाली ठेवला. पोरगा तासभर मागतो आणि ही बाई बघू म्हणते! शाळाभर मुलींना धाकात ठेवलं, पण पोटच्या पोराला एक ‘नाही’ म्हणवत नाही.

जेवण उरकल्यावर मायलेक खेळाच्या हॉलकडे गेले. डोकं दुखतंय असं सांगून प्रिया मागे राहिली आणि थेट श्टाइनरच्या केबिनमध्ये शिरली.

“मला माझ्या नवऱ्यावर बंदी हवी आहे,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “कपिल मेश्राम. आज, आत्ता.”

श्टाइनरने स्क्रीनवर काहीतरी पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. “तुमच्या नवऱ्यावर?”

“हो. त्यांच्यावरच. आता कृपा करून मला शॅम्पेन विचारू नका.”

श्टाइनरने चष्मा काढला.

“आपण बसा. तुमचे पती आमच्याकडे एकदाही खेळलेले नाहीत. ते बारमध्ये कॉफी घेऊन बसतात. मध्यंतरी तेही इथे येऊन बंदीबद्दल विचारत होते. सगळं ऐकून घेतलं, रडले, आणि काही न करताच उठून गेले.”

प्रिया बसली नाही. वळली आणि हॉलचं दार ढकलून आत गेली.

रुलेटच्या टेबलाभोवती गर्दी होती. मधल्या खुर्चीत पांढऱ्या साडीतल्या अंजनाबाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच्या शेवटच्या चिप्स टेबल चालवणाऱ्या क्रूपिएने शांतपणे ओढून नेल्या. मागे कपिल खाली मान घालून उभा होता.

अंजनाबाईंनी चाकावरची नजर न हलवता हात मागे केला.

“कपिल, अजून पैसे काढून आण.”