बंगालची स्वारी

"उस सरदार ने हमारा गाँव जलाया था," हरिपदबाबू म्हणाले आणि ओसरीवरचा हशा थांबला.

दसऱ्याची शस्त्रपूजा आटोपली होती. सालेकशाजवळच्या त्या गावचा मालगुजार जागेश्वर दरसालप्रमाणे आपल्या पूर्वजाची गोष्ट रंगवून सांगत होता. भोसल्यांच्या फौजेतला सरदार तुळोजी. डोंगर-नद्या ओलांडून बंगालात शिरला, गावंच्या गावं लुटली, घोड्यांवर सोनं लादून परत आला. गावकऱ्यांना गोष्ट पाठ होती. स्टेशनवर नव्यानं आलेले बंगाली मास्तर हरिपदबाबू मात्र ती पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांना मुद्दाम बोलावणं गेलं होतं. गोऱ्या साहेबाच्या आगगाडीपायी त्यांनी मालगुजाराची बैलांची दमणी रेल्वेच्या फाटकात ताटकळत ठेवली होती. तो राग जागेश्वरच्या मनात धुमसत होता.

हरिपदबाबू उठून उभे राहिले. "सरदार काहे का? डाकू था."

चौरंगावरची तलवार जागेश्वरच्या हातात कधी आली, त्यालाही कळलं नाही. गडीमाणसं सरसावली. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला, पण नजर खाली गेली नाही.

"जागेश्वर, ठेव ते."

माजघराच्या दारात त्याची आई सावित्रीबाई उभी होती. परक्या माणसांपुढे ती आजवर आली नव्हती.

"माय, तू अंदर जा. हा आपल्या पूर्वजाले डाकू म्हणून राहिला."

"खरंच बोलून राहिला तो. तुळोजीनं सोनं आणलन, तशी घोड्यावर बांधून एक पोरगीबी आणलन. तिच्या बापाचं घर जाळून. तू तिच्याच पोटचा वंश होस."

जागेश्वरच्या हातातली तलवार खाली आली. "तुले कोणं सांगतलन?"

"माह्या सासूनं. तिले तिच्या सासूनं. या घरात हे गोष्ट सुनेलेच सांगतेत."

त्यानं आईमागून बाहेर आलेल्या बायकोकडे पाहिलं. शामकलाच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. डोईवरचा पदर सारखा करून ती मास्तरांपुढे पाट मांडत होती आणि पाय धुवायला पाण्याचा गडवा ठेवत होती, माहेरचं माणूस आल्यावर ठेवतात तसा.