श्रीदेवीचा रिपोर्ट

"कोयता म्हंजे नवराबायकोची जोडी," मुकादम नरसिंग ट्रकच्या फळीवर हात आपटत म्हणाला. "एकटा मायाप्पा नेऊन कारखान्यावर काय करू?"

ऊसतोडीला निघालेली संतपूरची माणसं ट्रकमधून गंमत बघत होती. श्रीदेवीला सातवा महिना लागला होता, आणि तिनं डोक्यावरून मोळ्या वाहाव्यात हे जणू ठरूनच गेलं होतं. तिचा नवरा मायाप्पा अंगठ्यानं माती उकरत उभा. असल्या वेळी ह्या पुरुषांची दातखीळ का बसते, कोण जाणे!

सासू अनसाबाईचं तोंड मात्र सकाळपासून चालू होतं. "मी न्हाई का उसात बाळंत झाले? तिसऱ्या दिशी कोयता धरला. हिचंच कामून एवढं कौतिक?"

"आत्याबाई, डाक्टरनं गाठ हाय म्हनलं की," श्रीदेवी रडत म्हणाली.

"पोटातल्या लेकराला बी गाठ!" अनसाबाई कडाडली. "दाखव त्यो कागद शाळेच्या बाईंला. मुकादमाला बी कळू दे तुझी नाटकं."

गुलबर्ग्याच्या सोनोग्राफीचा तो इंग्रजी रिपोर्ट शाळेच्या सुकन्याबाईंनी हातात घेतला. दोनदा वाचला. मग त्या मुकादमाकडे वळल्या.

"बाळाच्या लिव्हरमध्ये सुपारीएवढी गाठ आहे. आईनं वजन उचललं तर ती फुटेल, आतल्या आत रक्त जाऊन दोघांच्याही जिवावर बेतेल. नरसिंगअण्णा, ही उसात मेली तर पोलिसांना मी हाच कागद देणार."

नरसिंग दोन पावलं मागं सरकला. "न्हाई बाबा, असली बाई नको माझ्या ट्रकात. पर जोडी?"

"मीच मरते आता उसात!" अनसाबाईनं आपलं गाठोडं वर फेकलं. "सुनेनं बसून खायचं, म्हातारीनं मोळ्या उचलायच्या. लाज वाटायला पायजे!"

श्रीदेवी हुंदके देत घरात पळाली. एवढं ऐकूनही सासूला पाझर फुटला नव्हता.

रिपोर्ट परत द्यायला सुकन्याबाई ट्रकपाशी गेल्या. फळीवर पाय ठेवता ठेवता अनसाबाई त्यांच्या कानाशी वाकली.

"ट्रक गेला की पोरीला खरं सांगा बाई, लई भ्यालीय. डाक्टर मला म्हनला, गाठ साधी हाय, बाळ झाल्यावर आपोआप जिरती. वजनाचं तेवढं, काल म्या पढवलं तसंच वाचलात बगा."