स्पोर्ट्स बारची कोरडी फरशी

मॅचच्या गोंधळात सांडलेल्या बिअरवरून घसरून काल एका गिऱ्हाइकाचं कंबरडं मोडलं. आज बारमध्ये विमा कंपनीचे साहेब आले. दर तासाला फरशी तपासलेली असेल तरच विमा मिळणार, नाहीतर भरपाईपायी बार विकावा लागणार. मालक मात्र निवांत होता. तपासणीच्या तक्त्यावर मेव्हणा सही करायचा. एकही रकाना त्याने रिकामा सोडला नव्हता. मालकाने कालचा तक्ता दाखवला. "आठला फरशी कोरडी. माणूस पडला सव्वाआठला." साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी आजचा तक्ता पाहिला. "अजून दुपारच आहे. रात्री अकराची सही कशी झाली?" "दाजी, संध्याकाळी गर्दी असते," मेव्हणा म्हणाला, "सकाळीच उरकतो." साहेबांनी तक्त्यांचे फोटो काढले. ते निघाले तेव्हा मेव्हणा खरोखरच फरशी पुसत होता. "जपून, साहेब," तो म्हणाला, "ओली आहे."