पुण्याची हवा

फौजेतल्या कांचननं दौलताबादला आई-वडिलांना सांगून ठेवलं होतं, की तिची बदली आता पुण्याच्या ऑफिसात झालीय. या खेपेला तिनं आईला आपल्या चेहऱ्याचा फोटो पाठवला अन् फोनवर विचारलं, "इथली हवा लई कोरडी हाय गं. गाल सोलून निघालेत, काय लावू?"

दुसऱ्या दिवशी तिच्या आईनं, भागूबाईनं, शहागंजचा बाजार गाठला. औषधाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या सलीमभाईंना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला.

"भाभी, ये सूखी हवा नहीं, बरफ की धूप है. मेरा बेटा सरहद पे था, उसके गाल भी ऐसेच हुए थे."

भागूबाईनं त्यांनी दिलेलं उन्हाचं क्रीम अन् जाड मलम घेतलं, दुकानाच्या पायरीवर घटकाभर बसली अन् घरी आली.

छातीचं ऑपरेशन झाल्यापासून नवरा, केरबा, बाजेवरच असायचा.

"काय म्हणला दुकानदार?" त्यानं विचारलं.

"पुण्यात धूळ लई हाय, म्हणला."

"असंल," केरबा म्हणाला. मग शेजारच्या पोराकडून गुपचूप मागवलेले लोकरीचे नवे हातमोजे उशाखालून काढून त्यानं तिच्यापुढं धरले. "हे बी कांचनच्या पार्सलात टाक."