पुड्यावरची ओळ

बासष्ट वर्षांच्या नलूबाई कळंबला घरीच अगरबत्ती करायच्या. कच्च्या काड्या चंदनाच्या वासाच्या सेंटमध्ये बुडवायच्या, वाळवायच्या, पुड्यात भरायच्या आणि प्रत्येक पुड्यावर पेनानं लिहायच्या, 'सेंटची अगरबत्ती. यात चंदन नाही.'

देवळाजवळच्या दुकानदारानं पुडा हुंगला.

"वास तं झकास हाये मावशी! पन हे काहून लिहून राह्यल्या? 'शुद्ध चंदन' लिहा, सारा माल मीच घेतो."

"चंदनाचा एक थेंब नाही त्यात, भाऊ."

"वाचते कोन? लोकं वास घेतेत अन् नेतेत. सारेच तसं लिहितेत."

"मी नाही लिहीत."

"मंग घेऊन जा तुमचा माल."

नलूबाईंनी पुडा परत घेतला. सेंटच्या तेलानं 'नाही'ची शाई फिसकटली होती. त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि तिथंच, त्याच्या काउंटरवर पुडा ठेवून, तो शब्द सावकाश पुन्हा गिरवला.

"जलमभर अंगठा लावला, भाऊ. औंदा वर्गात बसून लिहाले शिकली. ते काय खोटं लिहाले?"