काल्याची वाटी

हात कितीही थरथरला तरी घास सांडू नये, अशा वाट्या नि चमचे अंगद जालन्यात बनवायचा. तान्ह्या लेकरांसाठी, लकवा झालेल्यांसाठी. त्याचे बाबा धुळाजी गावी, पिंपळगाव रेणुकाईला. तिथल्या सप्ताहात ते सात दिवस कीर्तनात डोलायचे आणि शेवटच्या दिवशी काल्याचा प्रसाद वाटायला लागले की गुपचूप घरची वाट धरायचे.

"इतके दिस देवाचं नाव, आन काल्यालाच पळ काढता व्हय?" अंगद दरसाल चिडवायचा. बाबा नुसते हसायचे.

औंदाच्या सप्ताहाला बाबा हयात नव्हते. काला वाटता वाटता बायनाआत्या अंगदपाशी थांबली. "तुझ्या बापाचा हात लय थरथरायचा रे. चार सालाखाली काला भुईवर सांडला, अन् कुणाचा तरी पाय पडला त्याच्यावर. तवापासून त्यानं हात पुढं केला न्हाई. तुला म्हाइत नव्हतं?"

अंगदच्या ओंजळीतल्या दहीलाह्या तशाच राहिल्या.

गेल्या दिवाळीत बाबा त्याच्या कारखान्यात आले होते. ती न सांडणारी वाटी वाकून वाकून न्याहाळत त्यांनी विचारलं होतं, "ह्यात काला बराबर ऱ्हाईल का रे?"

"बाबा, ही आजारी मानसांसाठी हाय," तो हसला होता. "तुमाला काय झालंय?"

"मला काय व्हतंय," बाबा म्हणाले होते. वाटीला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. सगळा वेळ दोन्ही हात उपरण्याच्या आतच होते.