वाणातली सुरी

एका सुरीमागं तीन मतं, असा सत्यजीतचा हिशेब होता. सुरी घेणारीचं एक, तिच्या नवऱ्याचं एक आणि सासूचं एक. आठशे सुऱ्या वाटल्या की चोवीसशे मतं. गण महिलांसाठी राखीव झाल्यामुळं पंचायत समितीला उभी होती त्याची बायको राजनंदिनी, पण आकडेमोड तिच्याकडं कुणी दिली नव्हती. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला प्लॅस्टिकचे डबे सगळेच वाटतात. ते माळ्यावर जाऊन पडतात. न्हावरे गावात मात्र त्याच दिवसांत कांदा निघतो, आणि पात कापायची सुरी बाईच्या हातात दिवसभर असते. सुरीवर नाव टाकलं की प्रचार दिवसभर, तोही बिनपगारी.

सुरी कशी हवी ते विचारायला त्यानं शेवंताबाईला बोलावलं. कांदा काटणीच्या बावीस बायकांची टोळी ती चालवायची आणि तिच्या शब्दावर आणखी चार टोळ्या चालायच्या. कोंडिबा लोहारानं तीन नमुने केले होते. पातं तेच, मूठ तीच. फरक होता तो हात घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून मुठीपुढं बसवलेल्या पट्टीचा. एकीला गोल चकती होती. दुसरीला वर-खाली दोन्हीकडं पट्टी. तिसरीला फक्त खालून, पहिल्या बोटापुढं, हुकासारखा वळवलेला तुकडा.

शेवंताबाईनं तिन्ही सुऱ्यांनी एकेक पाटी कांदा कापला. चकती दर कांद्याला आडवी यायची. दोन्हीकडच्या पट्टीत अंगठा अडकायचा. तिनं तिसरी सुरी उचलून धरली.

"कांद्याचा चीक लागला का मूठ साबणावानी व्हती. बोट म्होरं पळतं, त्याला खालनं अडवा. वरनं अंगठ्यानं रेटायचं असतं, तिथं काय बी नको."

सत्यजीत व्हय मावशी, व्हय मावशी म्हणाला. सुरी हातात घेतलेला तिचा फोटो काढला आणि चहा पाजून तिला लावून दिलं.

अडचण दोन दिवसांनी निघाली. खाली वळवलेल्या तुकड्यावर नाव बसेना. बसवलं तरी ते मुठीखाली, वाचणार कोण? शिवाय त्या हुकामुळं सुरी तिळगुळाच्या चपट्या डब्यात मावत नव्हती. सत्यजीतनं रांजणगावच्या एका शेडमध्ये ऑर्डर देताना खालचा हुक काढला आणि वरच्या बाजूला चांगली रुंद, चकचकीत पट्टी बसवून घेतली. तिच्यावर राजनंदिनीचं नाव आणि निशाणी ऐसपैस मावली. बोटापुढं काहीच राहिलं नाही. प्रचाराची रिक्षा मात्र गावोगाव ओरडत फिरली, की ही सुरी शेवंतामावशींनी स्वतः पसंत केलेली आहे.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला राजनंदिनीनं स्वतःच्या हातानं त्या सुऱ्या वाण म्हणून बायकांच्या ओटीत घातल्या. मावशीनं पसंत केली म्हणून बायकांनी घरचे विळे ठेवून दिले. पंधरा दिवसांत तिच्या टोळीतली सात बोटं कापली. सातवं सारिकाचं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शिरूरच्या डॉक्टरांनी शीर जोडली, पण बोट आता वाकणार नाही म्हणाले. शेवंताबाई तिला बघायला गेली तेव्हा सारिका एवढंच म्हणाली, "मावशी, तुम्ही पसंत केली व्हती म्हणून धरली." मग तिनं भिंतीकडं तोंड केलं.

त्या दिवसापासून टोळीत शेवंताबाईशी कामापुरतं बोलणं राहिलं.

मतदानाला चार दिवस असताना तिनं टोळीतल्या सगळ्या सुऱ्या गोणीत भरल्या, बायकांना बरोबर घेतलं आणि सत्यजीतच्या अंगणात गोणी उलटी केली. त्याला वाटलं, पैसे मागायला आल्या. दवाखान्याचं सगळं बघतो, म्हणाला. सारिकाच्या नवऱ्याला कंपनीत चिकटवतो, म्हणाला. शेवंताबाईला यातलं काही नको होतं. ज्या रिक्षानं खोटं सांगितलं त्याच रिक्षानं खरं सांगायचं, की ही सुरी तिनं पसंत केलेली नव्हती. तेवढंच.

"इलेक्शनच्या तोंडावर?" सत्यजीत हसला. "मावशी, मग माझ्या हातात तुम्हीच एक सुरी द्या, गळ्यावर फिरवून घेतो."

बायका हसल्या नाहीत.

तेवढ्यात राजनंदिनी बाहेर आली. डोळे रडून लाल होते. ती नवऱ्याला ओलांडून पुढं आली आणि पदराखालचा उजवा हात तिनं शेवंताबाईसमोर धरला. पहिल्या बोटावर तीन टाक्यांचा वण होता.

बायका गलबलल्या. कुणी तरी जिभेनं चुकचुकलं. सत्यजीतनं तिला दोनदा आत जा म्हणून सांगितलं, पण ती हलली नाही. त्या नवऱ्यानं हिलाही सोडलं नाही, अशी कुजबुज सुरू झाली. अंगणातला राग बघता बघता एका माणसावर गोळा झाला.

"मावशी, मीही यांना सांगितलं होतं," राजनंदिनी म्हणाली. "ही सुरी नको, मलाच लागलीय, म्हटलं. ऐकलं नाही. उलट, कुणी विचारलं तर दारात चेंगरलं म्हणून सांग, म्हणाले."

शेवंताबाईनं तिचा हात हातात घेतला. बोट उलटंपालटं करून बघितलं. वण पांढरा पडत आला होता.

"कवा लागलं?"

"सुऱ्यांचे डबे आले त्याच दिवशी. संक्रांतीच्या आठ दिवस आधी."

शेवंताबाईनं हात सोडून दिला.

"ह्ये पहिलं बोट तुमचं, वहिनी. त्ये मी मोजत न्हाई. म्हाईत असून तुमी सुरी आमच्या ओटीत घातली, तिनं कापलेली सात मोजते."